सैरंध्रीच्या वनात: एका नदीखोऱ्याची भेट आणि विकासाचा प्रश्न

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



पर्यावरण आणि विकास या विषयावर आपण पुष्कळ वाचले असेल. त्या वाचनात ‘सायलेंट व्हॅली’ हे नाव हमखास येते. बहुधा ते एका ओळीत येते आणि एका ओळीतच संपते: केरळ, कुंतीपुळा नदी, सिंहपुच्छ माकड, राष्ट्रीय उद्यान. परीक्षेतील एका गुणासाठी एवढी माहिती पुरते. परंतु आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील आणि असाच एखादा प्रस्ताव फाईलच्या रूपाने आपल्या टेबलावर येईल. त्या दिवशी ही एक ओळ पुरणार नाही. म्हणून आज त्या खोऱ्याची माझी भेट आणि तिने माझ्या मनात उभे केलेले प्रश्न आपल्यासमोर मांडावेत, असे मी ठरवले आहे.

आरंभीच एक कबुली देतो. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, वन्यजीवांचा अभ्यासकही नाही. माझे उमेदीचे आयुष्य जलविद्युत प्रकल्पांच्या कामात गेले. 1979-80 च्या सुमारास सायलेंट व्हॅलीचा वाद देशभर गाजत होता, तेव्हा मी कनिष्ठ अभियंता होतो. ‘माणसे हवीत की माकडे?’ असा प्रश्न त्या काळी उपहासाने विचारला जाई. तो विचारणाऱ्यांत मीही होतो. खेड्यापाड्यांत वीज नाही आणि काही मंडळी माकडांसाठी धरण अडवून बसली आहेत, असे माझे प्रामाणिक मत होते. ते मत बदलण्यास मला बरीच वर्षे लागली. त्या बदलाचा शेवटचा टप्पा मी काही वर्षांपूर्वी त्या खोऱ्यात प्रत्यक्ष उभा असताना पार केला.

खोऱ्याकडे जाणारी वाट

सायलेंट व्हॅली केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरी पर्वताच्या नैर्ऋत्य बाजूस आहे. पालक्काडहून मन्नारकाड या गावी यावे आणि तेथून घाट चढून अट्टप्पाडीच्या पठाराकडे निघावे. वाटेत मुक्काली हे लहानसे ठाणे लागते. वनखात्याची परवानगी घेऊन पुढे सुमारे 23 किलोमीटर जीपने जावे लागते. स्वतःचे वाहन नेता येत नाही. हा रस्ता जिथे संपतो त्या जागेचे नाव सैरंध्री.

मराठी माणसाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. विराटाच्या राजवाड्यात अज्ञातवासात राहिलेली द्रौपदी म्हणजे सैरंध्री. या अरण्याला स्थानिक लोक सैरंध्रीवनम् म्हणत आले आणि त्यातून वाहणारी नदी कुंतीच्या नावाने ओळखली जाते. मल्याळम भाषेत ‘पुळा’ म्हणजे नदी. पांडवांनी वनवासाचा काही काळ येथे घालवला, अशी या भागात श्रद्धा आहे. ‘सायलेंट व्हॅली’ हे इंग्रजी नाव कसे पडले, याविषयी मात्र एकमत नाही. सैरंध्री या शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असे काही जण म्हणतात. अरण्यांत कर्कश आवाज करणारे सिकाडा हे कीटक येथे आढळत नसल्याने हे नाव मिळाले, असे इतर काही सांगतात. तर सिंहपुच्छ माकडाच्या ‘मकाका सिलेनस’ या शास्त्रीय नावाशी संबंध जोडणारेही आहेत. मला विचाराल तर ते खोरे अजिबात निःशब्द नाही. पाण्याचा, पक्ष्यांचा आणि वाऱ्याचा आवाज तेथे सतत असतो. नसतो तो माणसाचा आवाज.

मी गेलो तो जानेवारी महिना होता. जीप जसजशी आत जात होती, तसतसा उजेड कमी होत गेला. सदाहरित वर्षावनाची रचना पुस्तकात मजल्यांप्रमाणे सांगितलेली असते: सर्वांत वर उंच वृक्षांचे पर्णछत, त्याखाली मध्यम उंचीची झाडे, त्याखाली झुडपे आणि जमिनीवर कुजणाऱ्या पानांचा थर. प्रत्यक्षात हे मजले वेगवेगळे दिसत नाहीत. वेली, नेचे, शेवाळे आणि खोडांवर वाढणारी ऑर्किडे यांनी सगळे एकमेकांत विणलेले असते. प्रचंड वृक्षांची बुंध्यापासून भिंतीसारखी पसरलेली आधारमुळे पाहून माझ्यातील अभियंत्याला धरणाच्या पुस्त्यांची आठवण झाली. पातळ मातीत खोल मुळे न धाडता एवढा भार तोलून धरण्याची ही निसर्गाची युक्ती आहे.

आमच्याबरोबर वाट दाखवायला जवळच्या आदिवासी वस्तीतील एक वनरक्षक सहायक होता. इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा या समाजांतील अनेक जण येथे राखणदार आणि मार्गदर्शक म्हणून काम करतात. त्याने एकाएकी जीप थांबवायला सांगितली. दूर उंच फांदीवर काळ्या अंगाचे, चेहऱ्याभोवती करड्या आयाळीचे आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असलेले माकड बसले होते. ज्याच्यासाठी मी तरुणपणी इतका उपहास केला होता, तो प्राणी मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने आमच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. शेजारच्या झाडावर उडी मारून ते पुढे गेले, त्यामागून दुसरे, तिसरे, मग संपूर्ण टोळी गेली. त्यांतील एकही खाली उतरले नाही. पलीकडच्या एका झाडावरून शेकरूचा खडा आवाज येत होता. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार भीमाशंकरच्या जंगलातही आहे. सह्याद्री म्हणजेच पश्चिम घाट ही गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंतची एकच साखळी आहे, याची ती जिवंत खूण होती.

निरीक्षण मनोरा आणि धरणाची जागा

सैरंध्रीला एक उंच निरीक्षण मनोरा आहे. त्यावर चढल्यावर संपूर्ण खोरे दृष्टीस पडते. उत्तरेकडे निलगिरीच्या उंच कडा, त्यांवर गवताळ माळ आणि घळींतून दडलेली शोला वने दिसतात. त्या बाजूच्या अंगिंडा शिखराची उंची 2,300 मीटरांहून अधिक आहे. चहूबाजूंनी डोंगर आणि दक्षिणेकडे एक अरुंद वाट, त्या वाटेने कुंतीपुळा मैदानाकडे उतरते. पुढे ती तूतपुळेला आणि त्या मार्गाने भारतपुळेला मिळते. भारतपुळा ही केरळातील दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी असून पोन्नानी येथे अरबी समुद्राला मिळते.

मी खोऱ्याकडे पाहिले आणि सवयीने हिशेब सुरू झाला. वर विस्तृत पाणलोट क्षेत्र, काही भागांत वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली दोन्ही बाजूंना कठीण खडक असलेली अरुंद घळ आणि घळीपुढे एकदम खाली जाणारा उतार. जलविद्युत अभियंता यापेक्षा अधिक काय मागणार? मित्रहो, हे मी मुद्दाम सांगतो. धरण बांधू इच्छिणारे लोक दुष्ट किंवा अडाणी नव्हते. ही जागा वीज प्रकल्पासाठी योग्य आहे, हे 1928 सालीच हेरले गेले होते. तांत्रिक दृष्टीने ती निवड अचूक होती. प्रश्न तंत्राचा नव्हताच.

मनोऱ्यावरून उतरून आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. पाणी इतके स्वच्छ की तळाचा प्रत्येक गोटा मोजता यावा. वनरक्षक सहायक म्हणाला, “साहेब, पावसाळ्यातही ही नदी गढूळ होत नाही.” त्याचे म्हणणे शब्दशः घ्यायचे की नाही, हा वेगळा प्रश्न. पण त्यामागील तत्त्व मला माहीत होते. जिथे पाणलोटावर अखंड वनाचे आच्छादन असते, तिथे पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही. पाने, शेवाळे आणि पालापाचोळा यांतून तो झिरपत जातो. माती वाहून येत नाही आणि मुरलेले पाणी कोरड्या महिन्यांतही नदीला मिळत राहते. आयुष्यभर आम्ही जलाशयात साचणाऱ्या गाळाची चिंता केली, आणि येथे गाळ न येऊ देणारी व्यवस्था मी जणू प्रथमच बघत होतो. त्याच व्यवस्थेच्या मध्यावर आम्ही जलाशय बांधणार होतो!

प्रकल्प आणि वादाचा इतिहास

आता घटनाक्रम थोडक्यात पाहू. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी 1847 मध्ये या भागातील वनस्पतींचा शोध घेतला. 1914 साली हे अरण्य राखीव वन म्हणून घोषित झाले. स्वातंत्र्योत्तर काळात प्रकल्पाचे सर्वेक्षण झाले आणि 1973 मध्ये योजना आयोगाने त्याला मान्यता दिली. सुमारे 130 मीटर उंचीचे धरण, पहिल्या टप्प्यात 120 मेगावॉट वीज, पुढे 240 मेगावॉटपर्यंत वाढ, सुमारे 10,000 हेक्टर क्षेत्राला सिंचन आणि मलबारसारख्या औद्योगिकदृष्ट्या मागास भागात रोजगार, असे त्याचे लाभ सांगितले गेले. बुडीत क्षेत्र सुमारे 830 हेक्टर होते.

विरोधाचा पहिला सूर प्राणिशास्त्रज्ञांनी आणि निसर्गप्रेमींनी लावला. 1976 मध्ये पर्यावरण नियोजन व समन्वयविषयक राष्ट्रीय समितीने झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिगट नेमला. त्याने प्रकल्प सोडून द्यावा, अन्यथा काही संरक्षक अटी पाळाव्यात, असे सुचवले. राज्य शासनाने अटींचा मार्ग स्वीकारला आणि 1978 मध्ये केंद्राने प्रकल्पाला संमती दिली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अश्खाबाद येथील अधिवेशनाने सिंहपुच्छ माकडाच्या अधिवासाचे रक्षण करण्याचे आवाहन केले.

या लढ्याचा खरा कणा मात्र केरळातच होता. 1962 साली स्थापन झालेली केरळ शास्त्र साहित्य परिषद ही लोकविज्ञान संस्था त्यात उतरली. प्रा. एम. के. प्रसाद यांच्यासारखे शिक्षक लिहू-बोलू लागले. कवयित्री सुगतकुमारी आणि त्यांच्याबरोबर अनेक साहित्यिक रस्त्यावर आले. मुंबईहून पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी आवाज उठवला. त्या वेळी केंद्रात कृषी सचिव असलेल्या डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी खोऱ्याची पाहणी केली आणि प्रकल्प रद्द करून या प्रदेशाला वर्षावनाचे जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जपावे, असे सुचवले. दुसरीकडे राज्यातील बहुतेक राजकीय पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होते आणि वीज व रोजगाराची वाट पाहणाऱ्या स्थानिकांचाही त्याला पाठिंबा होता. परिषदेच्या अंतर्गतही मतभेद झाले. केरळ उच्च न्यायालयाने 1980 च्या आरंभी प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली. म्हणजे न्यायालयात हा लढा हरला होता, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर केंद्राने राज्याला काम थांबवण्यास सांगितले आणि प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र व राज्य यांची संयुक्त समिती नेमण्यात आली. पुण्यात वाढलेले परिस्थितिकीशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल 1983 मध्ये आला आणि त्याच वर्षी प्रकल्प सोडून देण्यात आला. 1984 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना निघाली आणि 7 सप्टेंबर 1985 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 1986 मध्ये ते देशातील पहिल्या, म्हणजे निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्राचा भाग बनले. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातही सायलेंट व्हॅलीचा समावेश आहे. आपल्याकडील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे त्याच यादीत आहेत.

‘केवळ नऊ टक्के’ या आकड्याचा अर्थ

प्रकल्पाच्या समर्थनार्थ मांडला जाणारा एक युक्तिवाद मला त्या काळी बिनतोड वाटे. एकूण सुमारे 8,950 हेक्टर वनापैकी केवळ 830 हेक्टर बुडणार, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. उरलेले एक्याण्णव टक्के सुरक्षित राहणार. मग हा आक्रोश कशासाठी?

मनोऱ्यावर उभे राहिल्यावर या आकड्यातील चूक मला डोळ्यांनी दिसली. जे क्षेत्र बुडणार होते ते खोऱ्याचा सखल तळ होता. उरलेल्या भागापैकी बराच भाग उंचावरील गवताळ माळ आणि तीव्र उताराचा आहे. सर्वांत दाट आणि समृद्ध सदाहरित वन नदीकाठाने आहे, आणि सिंहपुच्छ माकड राहते ते याच वनात. त्याच्या आहारात क्युलेनिया या वृक्षाच्या फुला-फळांना मोठे महत्त्व आहे. ते जमिनीवर क्वचितच उतरते. त्यामुळे त्याला अखंड पर्णछत लागते. मध्येच जलाशय आला, रस्ता आला, की टोळ्या एकमेकांपासून तुटतात. लहान लहान गटांत अडकलेली प्रजाती आकड्यांत जिवंत दिसली तरी तिचे भवितव्य क्षीण होते. परिस्थितिकीशास्त्रात यालाच अधिवासाचे विखंडन म्हणतात.

शिवाय धरण म्हणजे केवळ पाणी नव्हे. त्याबरोबर रस्ते येतात, खाणी येतात, हजारो मजुरांच्या वसाहती येतात, त्यांच्या चुलींसाठी सरपण लागते, शिकार वाढते. प्रकल्प अहवालात बुडीत क्षेत्राचा रकाना असतो. या साऱ्याचा रकाना त्या काळी नव्हता. मी स्वतः असे अहवाल तयार केले आहेत, म्हणून हे जबाबदारीने सांगतो. शरीराच्या एकूण वजनात हृदयाचा वाटा किती, या हिशेबाने हृदयाचे मोल ठरत नाही. टक्केवारी समोर आली की ‘कशाची टक्केवारी?’ हा प्रश्न विचारायला शिका.

आणखी एक बाब. उष्णकटिबंधीय वर्षावनाची माती दिसते तितकी सुपीक नसते. पोषक द्रव्यांचा मोठा साठा मातीत नसून झाडांतच असतो. पान गळते, ओल्या उष्ण हवेत लवकर कुजते आणि मुळे ते द्रव्य लगेच परत घेतात. हे चक्र तोडले की मुसळधार पावसात उरलेली द्रव्ये धुऊन जातात. म्हणून असे वन एकदा गेले की रोपे लावून ते परत आणता येत नाही. रोपे वाढतील, परंतु ते वन होणार नाही. ज्या निर्णयाची दुरुस्ती शक्य असते आणि ज्याची नसते, त्या दोन निर्णयांना एकच निकष लावता येत नाही. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम खटल्यात सावधगिरीचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. सायलेंट व्हॅलीत त्याच विचाराचे आधीचे रूप दिसते.

पर्यायांचा शोध

तरीही विजेची गरज खरी होती. ती नाकारून केवळ वनाचे गुणगान करणे हा अन्याय ठरला असता. शास्त्र साहित्य परिषदेचे मोठेपण येथे आहे. तिने भावनेला आवाहन करण्यावर समाधान न मानता प्रकल्पाचे तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक मूल्यमापन प्रसिद्ध केले. केरळ त्या काळी शेजारील राज्यांना वीज विकत होता. मलबारची अडचण प्रामुख्याने पारेषण व वितरणाची होती. वहनातील गळती कमी करूनही बरेच साधता येईल, असे त्यांनी दाखवले. विकासाला विरोध न करता त्या विशिष्ट साधनाची निवड तपासणारा हा युक्तिवाद होता.

आज मागे वळून पाहता काय दिसते? 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे वीजजाळे राष्ट्रीय जाळ्याशी समकालिक पद्धतीने जोडले गेले. 2015 मध्ये कोची विमानतळ पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालू लागला. 2025 च्या आरंभी देशाची सौर ऊर्जेची स्थापित क्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली, म्हणजे त्या 120 मेगावॉटच्या आठशे पटींहून अधिक. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक असतो हे मान्य करूनही, विजेला पर्याय निघाले, वनाला निघाले नसते, हे स्पष्ट आहे. अर्थात सौर व पवन प्रकल्पांनाही जमीन लागते आणि तिथेही कुरणे, पक्षी आणि पशुपालक यांचे प्रश्न उभे राहतात. ‘हरित’ हे विशेषण लागले म्हणून तपासणी टळत नाही.

प्रस्तावही एकदाच येतो असे नाही. 2001 मध्ये उद्यानाच्या सीमेबाहेर, याच नदीवर खालच्या अंगाला पात्रक्कडवू प्रकल्पाची कल्पना पुढे आली. तिच्यावरही वाद झाला. 2007 मध्ये उद्यानाभोवती सुमारे 148 चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र निश्चित करण्यात आले. एकदा वाचवलेली गोष्ट पुन्हा पुन्हा वाचवावी लागते.

डोंगरापलीकडची बाजू

आता मी अशा बाजूकडे येतो, जी या कथेच्या गोड शेवटात सहसा सांगितली जात नाही. सैरंध्रीहून मुक्कालीला परतून आम्ही पूर्वेकडे अट्टप्पाडीत गेलो. काही किलोमीटरांतच हिरवा रंग ओसरू लागला. पूर्व अट्टप्पाडी हा पर्जन्यछायेचा भाग आहे. येथून वाहणारी भवानी ही केरळातील पूर्ववाहिनी नद्यांपैकी एक. येथील आदिवासी 1951 मध्ये बहुसंख्य होते. पुढील दशकांत बाहेरून आलेल्या वसाहतींमुळे ते आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले, जमिनी हातच्या गेल्या, डोंगर उघडे पडले. जपानच्या अर्थसाहाय्याने येथे पर्यावरण पुनर्स्थापनेचा मोठा कार्यक्रम राबवण्यात आला. तरीही 2013 मध्ये कुपोषणाशी निगडित बालमृत्यूंमुळे अट्टप्पाडीचे नाव पुन्हा देशभर गेले. तेही मानव विकासात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या केरळात.

एका डोंगराच्या एका अंगाला जागतिक वारसा आणि दुसऱ्या अंगाला बालमृत्यू. हे दृश्य मला अस्वस्थ करून गेले. रात्री एका पाड्यावर थांबलो असता एका वृद्धेला मी दुभाष्यामार्फत विचारले, “धरण झाले नाही, ते बरे झाले का?” तिने उलट विचारले, “धरण झाले असते तर वीज आमच्या घरी आली असती का?” मला उत्तर देता आले नाही. कारण कोयनेची आठवण झाली.

कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे 1,960 मेगावॉट. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीत तिचा वाटा मोठा आहे आणि त्याविषयी मला आजही अभिमान आहे. सर्वच धरणे चुकीची होती असा निष्कर्ष कृपया माझ्या बोलण्यातून काढू नका. परंतु शिवसागर जलाशयासाठी ज्यांनी गावे सोडली, त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले, आणि ज्यांच्या पाण्यावर शहरे उजळली त्यांच्या वस्त्यांत उजेड उशिरा पोहोचला. सायलेंट व्हॅलीच्या गाभ्यात मानवी वस्ती नव्हती, म्हणून तिथे विस्थापनाचा प्रश्न उद्भवला नाही. पण धरण झाले काय किंवा अभयारण्य झाले काय, किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात स्थान आहे का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उरतो. 2006 च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे.

आपल्यासाठी काही सूत्रे

मित्रहो, परीक्षेच्या दृष्टीने या प्रकरणाकडे संस्थात्मक वाटचालीचा एक टप्पा म्हणून पाहा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आधीच होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने कलम 48अ आणि 51अ(ग) आले, तसेच वने व वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत गेले. हा वाद पेटलेला असतानाच 1980 चा वन संवर्धन कायदा झाला आणि त्याच वर्षी केंद्रात पर्यावरण विभाग सुरू झाला. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1994 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली आणि 2006 मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. 2002 मध्ये जैवविविधता कायदा झाला. 2023 मध्ये वन संवर्धन कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. सायलेंट व्हॅलीच्या वेळी आघात मूल्यांकन कायद्याने बंधनकारक नव्हते. ते काम नागरिकांनी स्वतः केले. आज ते बंधनकारक आहे. पण बंधनकारक झालेली गोष्ट उपचारापुरती उरण्याचा धोका नेहमी असतो, हे विसरू नका.

उत्तर लिहिताना चार प्रश्न समोर ठेवा. पहिला, जो आकडा सांगितला जातो तो काय दाखवतो आणि काय झाकतो? दुसरा, तीच गरज भागवण्याचे इतर मार्ग तपासले गेले का? तिसरा, निर्णय चुकला तर तो परत फिरवता येईल का? आणि चौथा, लाभ कोणाला व किंमत कोणाला? पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालावरील वाद असो, 2018 मधील केरळचा महापूर असो की 30 जुलै 2024 रोजी वायनाडमध्ये कोसळलेल्या दरडी असोत, प्रत्येक ठिकाणी हे चार प्रश्न आपल्याला विषयाच्या मुळाशी नेतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतीला लागलो. मन्नारकाडपाशी कुंतीपुळा पुन्हा भेटली. तेथे ती वस्तीतून, शेतांतून वाहते. पुलावर गाडी थांबवून मी खाली पाहिले. काठावर बायका कपडे धूत होत्या, मुले पोहत होती. ती मुले माकडाचे नाव घेत नव्हती, वर्षावनाचेही नाही. जानेवारीत नदीला पाणी आहे, एवढेच त्यांना माहीत होते. तरुणपणी मी ‘माणसे की माकडे’ असे विचारत होतो. त्या पुलावर मला कळले की तो प्रश्नच चुकीचा मांडलेला होता. माकडाचे छत आणि या मुलांचे पाणी वेगळे नव्हते.

उद्या आपल्या टेबलावर एखाद्या दूरच्या खोऱ्याची फाईल येईल. आपण ते खोरे पाहिलेले नसेल. नकाशावर ती एक निळी रेघ असेल आणि सोबत एक टक्केवारी असेल. सही करण्यापूर्वी शक्य झाले तर तिथे जाऊन या, आणि तिथे राहणाऱ्या माणसाला त्याचे मत विचारा. जाणे शक्य नसेल, तर निदान जाऊन आलेल्यांचे नीट ऐका. एवढीच माझी विनंती आहे.